दोनशे नावं आणि चार ग्रेव्ह्या : मुंबईच्या मेन्यूकार्डाची समीक्षा



या मालेत आपण आजवर पुस्तकांवर बोललो, नाटकांवर बोललो, एकदा इमारतींवरही बोललो. आज विषय आहे मेन्यूकार्ड. विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी हसून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला आता भूक लागली का? भूक पहिल्यापासूनच आहे. पण आज आपण पदार्थांबद्दल फार बोलणार नाही, मजकुराबद्दल बोलणार आहोत. मुंबईत लाखो माणसं रोज हा मजकूर वाचतात, बोट ठेवून वाचतात, उजवीकडच्या रकान्यापासून डावीकडे वाचतात आणि वाचून झाल्यावर त्यावर पैसे खर्च करतात. इतका गांभीर्याने वाचला जाणारा मजकूर दुसरा सहसा सापडणार नाही. तरी त्याची समीक्षा होत नाही. हॉटेलांची होते, चवीची होते, सजावटीची होते. कार्ड मात्र वाचून परत वेटरच्या हातात जातं.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. व्यक्ती तितक्या प्रकृती, ज्याची त्याची आवड, यात समीक्षा कसली? हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तरही जुनं आहे. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एखादी गोष्ट मला आवडते, हे विधान माझ्यापुरतं असतं. एखादी गोष्ट सुंदर आहे, हे म्हणताना मात्र आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो. जिभेच्या आवडी त्याने पहिल्या खान्यात टाकल्या. त्याच्या आधी, १७५७ साली, ह्यूमने रुचीच्या प्रमाणाविषयी लिहिताना एक गोष्ट वापरली होती. सांचो पांझाचे दोन नातलग पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली लोखंडी किल्ली सापडते. म्हणजे जिभेचं म्हणणंसुद्धा तपासता येतं, तळाशी किल्ली असते किंवा नसते.

मेन्यूकार्डाच्या बाबतीत तर हे आणखी सोपं आहे, कारण तिथे आपण आवडीचा निवाडा करतच नाही. कार्ड ही विधानांची यादी आहे, आणि प्रत्येक विधान हे एक वचन आहे: हे नाव उच्चारा, एवढे पैसे द्या, अमुक वस्तू समोर येईल. वचनाला तीन प्रश्न विचारता येतात. त्यात जेवढं दिसतंय तेवढं खरोखर आहे का? जे लिहिलंय ते खरं आहे का? आणि हे वचन कोणाला दिलंय, कोणाला नाही? या तीन प्रश्नांनी आज आपण मुंबईचं कार्ड वाचू.

उपनगरातलं कुठलंही मध्यम आकाराचं शाकाहारी हॉटेल घ्या. कार्ड लॅमिनेट केलेलं असतं, कोपरे उसवलेले असतात. इडली-वड्यापासून सुरुवात, मग डोशांचे वीस-पंचवीस प्रकार, मग पावभाजी, सँडविच, पिझ्झा, पंजाबी, चायनीज, पुलाव-बिर्याणी, रोटी, ज्यूस, मिल्कशेक. मोजलं तर आकडा सहज दोनशेवर जातो. आपण म्हणतो, काय व्हरायटी आहे!

आता जरा आतल्या बाजूने पाहू. अशा स्वयंपाकघरात सकाळीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात. टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, कांद्याची तपकिरी, पालकाची हिरवी. दुसऱ्या बाजूला मुख्य वस्तू असतात: पनीर, मिक्स व्हेज, मटार, मशरूम, कोफ्ता, बेबीकॉर्न, काजू, बटाटा. चार ग्रेव्ह्या आणि आठ वस्तू, बत्तीस नावं झाली. त्यावर तळलेल्या कांद्याचा एक हात, मलईचा एक हात, भरडलेल्या धणे-मिरचीचा एक हात. नावं शंभराच्या घरात गेली. काही नावं तर भांड्यांवरून येतात. कढई, हंडी, तवा. शिजतं सगळं एकाच पॅनमध्ये. कढई आणि हंडी टेबलावर वाढण्यापुरत्या अवतरतात.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष असे पदार्थ मोजले. गंमत म्हणजे त्यांच्या परिभाषेत ‘पदार्थ’ या शब्दाचा अर्थच पदाचा अर्थ, म्हणजे शब्दाने दाखवली जाणारी वस्तू. त्या कसोटीवर कार्ड लावलं की विचारावं लागतं: इथे पदं दोनशे, पदार्थ किती? संख्या आणि वैविध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा रुपयांची शंभर नाणी खिशात असली म्हणून आपल्याकडे शंभर प्रकारची नाणी आहेत असं कोणी म्हणत नाही.

मग वैविध्य मोजायचं कसं? आमची सूचना अशी, की नामं मोजू नका, क्रियापदं मोजा. तळणं, भाजणं, उकडणं, वाफवणं, परतणं, आंबवणं, दम देणं, वाटणं, मुरवणं. दोनशे नावांच्या कार्डावर यातली किती सापडतात? मग धान्यं मोजा. तांदूळ, गहू, मैदा, आणि मग? ज्या राज्यात ज्वारी, बाजरी, नाचणी हे रोजचं अन्न होतं, तिथल्या राजधानीच्या कार्डावर ज्वारीची भाकरी अजूनही ‘स्पेशल’ या रकान्यात असते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा नाचणी काही महागड्या कार्डांवर आली, पण ‘मिलेट बोल’ म्हणून आली. आणि शेवटी रस मोजा. आपल्या परंपरेत रस सहा: मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. म्हणजे गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. कार्डावर पहिल्या चारांची गर्दी असते. कडू आणि तुरट यांना जवळजवळ बंदी आहे. मेथी येते, पण मटार-मलईच्या सोबत, कडूपणा साखर-सायीत बुडवून. कारल्याला तर दाराबाहेरच उभं केलेलं असतं.

इथे थांबून हॉटेलवाल्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाही तर आपली समीक्षा एकतर्फी होईल. ग्रेव्ही आधी करून ठेवणं हा गुन्हा नाही. मुंबईत जागा महाग, स्वयंपाकघर चिंचोळं, आणि गिऱ्हाईक दहा-बारा मिनिटांत ताट मागतं. शिवाय एकाच टेबलावर आजीला इडली हवी, मुलाला नूडल्स, वडलांना पंजाबी. कार्ड लांब होण्यामागे हे कुटुंब आहे.

त्यामागे इतिहासही आहे. या हॉटेलांना आपण आजही ‘उडपी’ म्हणतो. दक्षिण कन्नड भागातून आलेल्या माणसांनी ती उभी केली. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. नोकरीसाठी आलेल्या दाक्षिणात्य कारकुनांना घरच्यासारखं जेवण मिळावं, ही गरज होती. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित शहरात आले, तंदूर आला, पंजाबी भाज्या आल्या. पुढे चायनीज आलं. चिकन मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईतच क्रिकेट क्लबमध्ये केला, असं सांगितलं जातं. मंचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. मग त्याची व्हेज आवृत्ती निघाली आणि उडप्याच्या कार्डावर स्थिरावली. म्हणजे ते लॅमिनेट केलेलं कार्ड नीट वाचलं तर जमिनीच्या थरांसारखं आहे. कोण कधी शहरात आलं आणि कोणाची भूक कोणाला परवडली, याची नोंद त्यात आहे. नोंद म्हणून ते मौल्यवान आहे. पण नोंद आणि निवड यांत फरक असतो.

आता आम्हाला जो मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मांडतो. वैविध्य दोन दिशांनी असू शकतं. एक पानावर असतं. आज, आत्ता, या क्षणी दोनशे गोष्टी. दुसरं दिनदर्शिकेवर असतं. आज एक, उद्या दुसरी, पावसाळ्यात तिसरी. सोयीसाठी पहिल्याला आडवं आणि दुसऱ्याला उभं वैविध्य म्हणू. घरातल्या जेवणाचं वैविध्य नेहमी उभं असतं. घरी कोणी कार्ड देत नाही, पण सोमवार आणि मंगळवारची भाजी एक नसते. खानावळ घराच्या जवळची, म्हणून तिचंही वैविध्य उभं. बोर्डिंगमध्ये गेलात तर निवडायचं फार थोडं, पण भाज्या रोज बदलतात. तिथे महिनाभर जेवणाऱ्या माणसाच्या पोटात दोनशे नावांच्या कार्डावरून महिनाभर जेवणाऱ्यापेक्षा जास्त प्रकारचं अन्न जातं.

मुंबईच्या कार्डाने गेल्या काही दशकांत आडवं वैविध्य वाढवलं आणि उभं घालवलं. याची साधी परीक्षा मासळीवर घेता येते. आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा काळ असतो. कोळीवाड्यात होड्या ओढून ठेवतात, जाळी दुरुस्त होतात, घरात सुकट-बोंबील निघतो. हॉटेलचं कार्ड मात्र जूनमध्येही तेच, जानेवारीतही तेच. पापलेट, सुरमई, कोळंबी, बोंबील, रावस. बर्फातलं, परराज्यातलं, पण तेच. २०२३ साली सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, कारण त्याचं जतन करायची वेळ आली होती. आणि आपण मात्र बारमाही पापलेटच मागतो आणि कार्ड तेच पुरवतं. मांदेली, मुडदुशा, करली, ढोमा, जवळा, खुबे, कालवं ही नावं मालवणी-गोमंतकी हॉटेलांत कधी तरी भेटतात. मोठ्या कार्डांवर तीही नाहीत. कोळ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं शहर, आणि कोळणीच्या पाटीतले बहुतेक मासे शहराच्या कार्डाला ठाऊक नाहीत.

हीच गोष्ट पावसाळी रानभाज्यांची. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, भारंगी, कंटोळी. जून ते ऑगस्ट पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बायका या भाज्या घेऊन दादरला, बोरिवलीला, स्टेशनांच्या बाहेर बसतात. त्यांच्या समोरच्याच हॉटेलात आत जाऊन बसलात तर हिरवी भाजी म्हणून पालक पनीर. त्या भाज्या करायला अवघड आहेत, शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे मान्य. पण दोनशे ओळींत एका ओळीला जागा नाही, याचं कारण खाज नाही. छापलेल्या कार्डाला ऋतू परवडत नाही, हे कारण आहे.

दुसरा प्रश्न होता खरेपणाचा. इथे आपल्याला फार सोवळं होऊन चालणार नाही. नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे. मंचुरियन मंचुरियाचं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. मुंबईत त्या नावाला एक ठरलेला अर्थ आला आहे आणि मागवणाऱ्याला काय येणार ते माहीत असतं. ‘कोळीवाडा’ पद्धतीची कोळंबीही अशीच. ते नाव शीव कोळीवाड्याचं, जिथे फाळणीनंतर पंजाबी निर्वासित वसले, आणि बेसनात घोळवून तळायची ती रीत त्यांची, असं सांगतात. कोळ्यांच्या घरात ती रीत शोधू नये, एवढंच. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, हे आपण विट्गेनश्टाइनवर बोललो तेव्हा पाहिलंच आहे.

अडचण वेगळीकडे आहे. शब्द वापरून वापरून इतका झिजतो की त्याने काहीच सांगितलं जात नाही. ‘कोल्हापुरी’ घ्या. कार्डावर कोल्हापुरी म्हणजे लाल आणि झणझणीत, बस्स. वर पापड, आत मिरची. पण कोल्हापूरच्या ताटात तांबड्या रश्शाच्या शेजारी पांढरा रस्सा असतो, खोबऱ्याच्या दुधाचा, सौम्य. कार्डाने एका गावाचं अर्धं ताट घेतलं आणि त्याला पूर्ण गावाचं नाव दिलं. हेच मालवणीचं, हेच चेट्टिनाडचं, हेच हैदराबादीचं. गावं उरली नाहीत, तिखटाच्या पायऱ्या उरल्या.

महागड्या कार्डांनी याच्या उलट रोग जडवून घेतलाय. तिथे नावच नसतं. ‘भोपळा, शेंगदाणा, ताक, जळका कांदा’. स्वल्पविराम देऊन चार वस्तू. क्रियापद गायब. हे भाजलंय, शिजवलंय की नुसतं ठेवलंय, हे कळायला वेटरला विचारावं लागतं आणि तो पाठ केलेलं भाषण म्हणतो. पहिल्या कार्डात नावं आहेत आणि वस्तू नाहीत. दुसऱ्यात वस्तू आहेत आणि पदार्थ नाही. दोन्हीकडे वाचणाऱ्याला जे हवं तेच सुटलंय.

पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने संभाषणाचे काही संकेत मांडले. जेवढं हवं तेवढं सांगा, खरं सांगा, प्रस्तुत सांगा, स्पष्ट सांगा. कार्ड या चारांवर तपासून पाहा. मासळीच्या हॉटेलात किमतीच्या जागी ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे आकाराप्रमाणे. आकार किती, भाव काय, ते मासा ताटात आल्यावर किंवा बिल आल्यावर कळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने २०२२पासून दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना कार्डावर कॅलरी लिहाव्या लागतात. नियम चांगला आहे. पण त्यामुळे अशी स्थिती आली, की या पदार्थात किती कॅलरी आहेत ते कार्ड सांगतं आणि तो कुठल्या तेलात तळलाय ते सांगत नाही.

आणि आता तर घरपोच मागवण्याच्या ॲपवर एकाच स्वयंपाकघरातून चार वेगवेगळ्या नावांची ‘हॉटेलं’ चालतात. बिर्याणीचं एक नाव, रोलचं दुसरं, थाळीचं तिसरं. पडद्यावर चार दुकानं, मागे एक शेगडी. चार ग्रेव्ह्यांची दोनशे नावं होत होती, ती निदान एका पाटीखाली होती. आता पाट्याही वाढल्या.

तिसरा प्रश्न: हे वचन कोणाला?

भाषेपासून सुरू करू. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या. दारावर देवनागरी आलं. दार उघडून आत गेलात की कार्ड इंग्रजीत. ज्या मजकुराच्या भरवशावर माणूस पैसे खर्च करणार तो त्याच्या भाषेत नाही, आणि दारावरचं नाव, जे तो रंगावरूनही ओळखतो, ते मात्र आहे. आम्ही मराठीच्या अभिमानापोटी बोलत नाही. गावाहून आलेली, चार इयत्ता शिकलेली बाई जेव्हा मुलाला म्हणते, ‘तूच सांग रे काहीतरी,’ तेव्हा तिने निवड केलेली नसते, सोडून दिलेली असते.

जुनी इराणी हॉटेलं आठवा. धोबी तलावावरचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं. अशा जुन्या हॉटेलांत आणि खानावळींत दर भिंतीवर पाटी करून लावण्याची पद्धत होती. भिंतीवरची पाटी सगळ्यांना एकदम दिसते. दारात उभं राहून, खिशात हात घालून, हिशोब करून, आत न शिरताही माणूस मान राखून पुढे जाऊ शकतो. हातात दिलेलं कार्ड बसल्यानंतर मिळतं, आणि एकदा बसलं की उठायला धैर्य लागतं. करोनानंतर कार्डही गेलं आणि टेबलावर क्यूआरचा चौकोन आला. आता मेन्यू वाचायला फोन हवा, फोनमध्ये डेटा हवा, डोळे तरुण हवेत. भिंत ते टेबल, टेबल ते फोन असा मजकुराचा प्रवास झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर वाचणारे कमी झाले.

आता अवघड भागाकडे. आपल्या राज्यघटनेने उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असं सांगितलं आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृह का आलं? कारण त्या काळी अमुक जातीची खानावळ अशा पाट्या होत्या, आणि वेगळी कपबशी होती. घटनेने दार उघडलं.

दार उघडलं, पण कार्डाचं काय? ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी पाहा. दिङ्नागाच्या परंपरेतल्या बौद्ध तत्त्वज्ञांनी अपोहाचा सिद्धांत मांडला: शब्दाचा अर्थ म्हणजे जे ते नाही त्याला वगळणं. ‘गाय’ म्हणजे गाय-नसलेल्या सगळ्याचा निरास. हा सिद्धांत सर्वत्र लागू पडतो की नाही यावर नैयायिक शतकानुशतकं भांडले, पण मुंबईच्या पाटीला तो चपखल लागतो. ‘शाकाहारी’ एवढ्या शब्दाने अन्न कळतं. ‘शुद्ध’ने अन्नाची काहीच जास्त माहिती मिळत नाही, तो शब्द फक्त वगळतो. आत काय आहे ते न सांगता बाहेर कोण आहे ते सांगतो. शाकाहारी हॉटेल असण्याला आमचा काडीचाही विरोध नाही. शाकाहार हा ज्याचा त्याचा विवेक आहे. विरोध त्या विशेषणाला आहे, कारण त्याचं विरुद्ध विशेषण न लिहिताही वाचलं जातं.

आणि मांसाहारी कार्डं सर्वसमावेशक आहेत असंही नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचं पुस्तक २०१५ साली आलं. नावातच त्यांनी ‘पूर्ण’ला ‘अ’ लावला आणि प्रश्न विचारला, की पूर्णब्रह्म म्हणता त्यात आमचं ताट कुठाय? लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. या पुस्तकांनी मराठी घरांना पुष्कळ दिलं. पण ‘मराठी जेवण’ म्हणून जे कार्डावर आलं ते प्रामुख्याने याच घरांतलं: थालीपीठ, साबुदाणा, अळूवडी, पुरणपोळी. वजडी, मुंडी, रक्ती, चान्या कार्डावर नाहीत. खिरी-गुर्दा मोहम्मद अली रोडच्या निखाऱ्यांवर मिळतो, पाया मिळतो, कारण ते रस्त्यावरचं अन्न आहे, त्याला कार्ड नाही. मुंबईत लाखो माणसं जे खातात ते ‘क्विझिन’ या शब्दाला पात्र ठरत नाही. कार्ड म्हणजे एका अर्थी शहराने स्वतःबद्दल मान्य केलेलं उत्तर आहे, आणि त्या उत्तरात शहरातल्या मोठ्या भागाची चूल पेटलेलीच नाही.

इथे आमच्याच एका मुद्द्यावर आक्षेप घ्यायला हवा. मघाशी आपण खानावळीची बाजू घेतली, की निवड कमी असली तरी उभं वैविध्य असतं. मग सर्वांत छोटं कार्ड सर्वांत चांगलं का? २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपये. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. त्याआधी १९९५च्या सुमारास एक रुपयात झुणका-भाकर होती; पुढे त्यातल्या पुष्कळ स्टॉलांवर झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळू लागलं, तो वेगळा विषय. थाळी पोटभरीची आहे, गरजेची आहे. पण ती खाणाऱ्याला विचारलं तर तो उभं-आडवं काही सांगणार नाही. त्याला दुसरं काही परवडत नाही.

अमर्त्य सेन यांनी उपास आणि उपासमार यांतला फरक दाखवला. दोन्हीत पोट रिकामं. पण उपास करणाऱ्याला जेवता आलं असतं. हाच फरक छोट्या कार्डाला लागू आहे. बोर्डिंगमध्ये पानावर बसून ‘जे असेल ते वाढा’ म्हणणारा माणूस निवड करून आलेला असतो. रांगेतल्या माणसासमोर तेच चार जिन्नस असतात, पण निवड नसते. तेव्हा कमी पर्यायांचं कौतुक करताना कोणाच्या वतीने करतोय, हे तपासावं लागतं. पोट भरलेल्याने साधेपणाचं कौतुक करणं सोपं आहे.

म्हणून गिरणगावातल्या खानावळींची आठवण ठेवायची. गिरणी कामगारांसाठी घराघरांत बायका डबे आणि पानं वाढत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यामुळे या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकाराचा फास सैल झाला. तिथे जेवणारा कामगार श्रीमंत नव्हता आणि निवडही थोडी होती, पण तो मामीला किंवा मावशीला सांगू शकत होता, ‘उद्या जरा सुकट करा.’ आणि उद्या सुकट होत होती. कार्ड नव्हतं, पण बोलणं होतं. आमच्या मते निवडीचं खरं रूप हे आहे: आपलं म्हणणं ऐकलं जाऊन उद्याचं ताट बदलतं. दोनशे नावांच्या कार्डात हे होत नाही. तिथे आपण दुसऱ्याने छापलेल्यातून वेचतो. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या बऱ्याच जागांवर मॉल आले, आणि त्या मॉलमधल्या फूड कोर्टात आज दहा काउंटर आणि दहा चमकत्या पाट्या आहेत. सुकट करा म्हणून कोणाला सांगायचं, हे तिथे कळत नाही.

तेव्हा समीक्षकाने शेवटी काही मागायचं असतं ते मागतो. अवघड काही नाही. कार्डाची दहा पानं खुशाल ठेवा, पण एक पान रोज हाताने लिहा: आज काय आणलंय. त्या पानावर जुलैत टाकळा येऊ द्या आणि मे महिन्यात पापलेटच्या शेजारी मांदेली. दर दाराबाहेर लावा, मराठीत लावा. क्यूआर हवा त्याला क्यूआर असू द्या, कागद मागणाऱ्याला कागद द्या. एपीएसच्या शेजारी वजन आणि भाव लिहा. ‘शाकाहारी’ ठेवा, ‘शुद्ध’ काढा. आणि कोल्हापूरचं नाव लावायचं असेल तर पांढरा रस्साही वाढा.

आपल्यासाठी, म्हणजे वाचकांसाठी, एकच गोष्ट. पुढच्या वेळी कार्ड उघडण्याआधी वेटरकडे पाहा आणि विचारा, ‘अण्णा, आज ताजं काय आहे?’ पुष्कळदा तो ‘सगळंच ताजं आहे साहेब’ म्हणेल. पण दहांतला एखादा थबकेल, आत नजर टाकेल आणि कार्डावर नसलेलं एखादं नाव घेईल. तुमच्यापैकी कोणाला असं नाव मिळालं असेल तर प्रश्नोत्तरांत सांगा. हॉटेलचं नाव नको, पदार्थाचं सांगा.